न्यूट्रॉनचं टार्गेट आणायचं कुठून?
असं सांगतात की अमेरिकेतल्या स्लॅक या कणत्वरक प्रयोगशाळेतल्या प्रयोगांत इलेक्ट्रॉन आदळून प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्हींच्या आतलं दिसलं. खरंय, फ्रीडमन, केंडल, टेलर या भौतिकशास्त्रज्ञांना 1990 चं नोबेल त्यासाठीच मिळालं. पण हे ‘दोन्ही’ वाटतं तितकं सोपं नाही. प्रोटॉन हवा तर द्रवरूप हायड्रोजन भरा, झालं. सुटा न्यूट्रॉन मात्र सरासरी पंधराएक मिनिटांत मोडतो, त्याची टाकी भरणार कशी? म्हणून ड्युटेरियम, म्हणजे अणुकेंद्रात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असलेला जड हायड्रोजन, वापरलं आणि त्यातून प्रोटॉनचा वाटा वजा केला. कडेवरच्या पोराचं वजन करताना आईसकट काट्यावर उभं करून आईचं वजा करतात, तसंच. फक्त इथे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोघंही अणुकेंद्रात हलत, म्हणजे जणू काट्यावर नाचत असतात, त्यामुळे वजाबाकीत घोळ राहतोच.

यावर 2018 साली अमेरिकेतल्या जेफरसन लॅबमध्ये ‘मॅरेथॉन’ प्रयोगात मस्त शक्कल लढवली. ट्रिटियम या आणखी जड हायड्रोजनमध्ये एक प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन. हेलियम-3 मध्ये नेमकं उलट. दोन्हींची तुलना केली की अणुकेंद्रातल्या नाचामुळे येणारी चूक बहुतांशी कटते. गंमत म्हणजे ट्रिटियम किरणोत्सारी, आणि त्याचं होतं काय, तर हेलियम-3च! म्हणजे एक टार्गेट हळूहळू दुसऱ्यात बदलतंय, त्याचाही हिशोब ठेवायचा.