वाफेचा मीटर दिवसा जास्त दाखवतो, रात्री शून्य. मदत हवी आहे

राम राम मंडळी.

जळगावजवळ सरकीच्या तेलाची लहानशी रिफायनरी आहे, तिथे मी मेंटेनन्स बघतो. बॉयलर 3 टनी (ताशी 3 टन वाफेचा), जळण ब्रिकेटचं. प्रश्न वाफेच्या मीटरचा आहे, आणि आता तो पैशाचा झालाय म्हणून इथे लिहितोय.

मेन लाईन सहा इंची, तिच्यावर सहा इंचीच व्हॉर्टेक्स मीटर. बॉयलरच्या पाण्यावर मॅग्नेटिक मीटर. रोज सकाळी दोन्हींचा 24 तासांचा आकडा वहीत उतरवतो. पाणी 26 हजार लिटर, वाफ 26 टन. वर्षभर असंच जुळतंय. शेठ खूश, मी खूश.

दिवाळीनंतर शेजारच्या साबणाच्या युनिटला आम्ही वाफ द्यायला लागलो. फक्त दिवसा, बिल टनावर. त्यांच्या फाट्यावर दोन इंची व्हॉर्टेक्स, आमच्याच माणसाने बसवलेला. दोन महिन्यांनी तिथले दादा वही घेऊन दारात उभे. "भाऊ, बिल चार टनाचं येतं आणि कंडेन्सेट तीनच टन भरतं." कंडेन्सेट म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं पाणी. बॅरलमध्ये आधी थंड पाणी घेऊन त्यात कंडेन्सेट सोडलं, काट्यावर वजन केलं, म्हणजे वाफ होऊन उडून गेलं असंही म्हणता येईना. आधी मला रागच आला. मग गुपचूप शिफ्टवार आकडे काढले:

सकाळी 8 ते रात्री 8: पाणी 20 हजार लिटर, वाफ 26 टन.
रात्री 8 ते सकाळी 8: पाणी 6 हजार लिटर, वाफ जवळपास शून्य.

वीस टन पाण्याची सव्वीस टन वाफ! रात्री फक्त टाक्या गरम ठेवायच्या असतात आणि वाफेच्या जोरावर हवा ओढणारा एक इजेक्टर चालतो, पण वाफ जाते हे नक्की. फायरमनला विचारलं तर तो शांतपणे म्हणतो, "रातले मीटर झोपी जास भाऊ." त्याला म्हणे कधीपासून माहीत होतं. मला कोणी विचारलंच नाही, हे वरून.

मीटरवाला म्हणतो दोन्ही बदला. शेठ म्हणतात, पाण्याचा मॅग्नेटिक गुणाचा निघाला, तोच वाफेला लाव आणि तेलाच्या टँकर लाईनलाही लाव. कोणाचं ऐकू?

ठिबकवाला, चोपडा
आधी पाण्याचा मीटर खरा आहे का ते बघा. आमच्याकडे पाईप अर्धा भरलेला असला की मॅग्नेटिक वाट्टेल ते दाखवतो.

धागाकर्ता
बघितला. फीड टाकी 2 मीटर बाय 2 मीटर आहे. वरून येणारं पाणी बंद केलं, पातळी 25 सेंटिमीटर उतरू दिली, म्हणजे 1000 लिटर. मीटरने 1008 दाखवले. तो बिचारा खरं बोलतोय.

दीपनगर निवृत्त
छान केलंत. आता एकच सांगा, बॉयलर किती प्रेशरवर चालतो आणि मीटरमध्ये घनता किती भरली आहे?

धागाकर्ता
चालतो 7 किलोवर (म्हणजे चौरस सेंटिमीटरला 7 किलो). पूर्वी 10 वर चालवायचो, मागच्या वर्षी जळण वाचवायला उतरवला. मीटरच्या मेनूत घनता 5.64 (घनमीटरला किलो) दिसते.

दीपनगर निवृत्त
मग तिथेच पाणी मुरतंय. व्हॉर्टेक्समध्ये वाफेच्या वाटेत एक दांडा असतो, त्याच्या मागे आळीपाळीने भोवरे सुटतात, मीटर ते भोवरे मोजतो. वेग वाढला की भोवरे त्याच प्रमाणात वाढतात. म्हणजे त्याला कळतो फक्त वेग, त्यावरून घनमीटर. टन काढायला घनता लागते, आणि ती तुम्ही सांगाल तीच तो धरतो.

5.64 ही 10 किलोच्या संपृक्त वाफेची, म्हणजे उकळत्या पाण्यातून निघालेल्या आणि वर जास्त न तापवलेल्या वाफेची घनता. 7 किलोला ती 4.16 असते. 4.16 भागिले 5.64 म्हणजे 0.74. साबणवाल्या दादांचे चारातले तीन टन इथे आहेत. तुमच्या 26 चेही 19 च होतात. तुमचं फीडचं पाणी 80 अंशाच्या आसपास असेल, तर 1000 लिटरचं वजन 972 किलोच भरतं. वीस हजार लिटरचे साडेएकोणीस टन, त्यातून ब्लोडाउन, म्हणजे बॉयलरमधून मुद्दाम सोडलेलं क्षाराचं पाणी, वजा करा. बसलं की नाही गणित?

रात्रीचं दुखणं वेगळं आहे. ताशी 500 किलो वाफ, 7 किलोला साधारण 120 घनमीटर. सहा इंची पाईपात वेग येतो सेकंदाला 1.8 मीटर. एवढ्यात भोवरे इतके दुबळे असतात की सेन्सरला लागतच नाहीत आणि मीटर शून्यावर जातो. या घनतेला साधारण साडेतीन मीटर तरी वेग हवा. फायरमन बरोबर होता. लाईन सहा इंची म्हणून मीटर सहा इंची, ही चूक मी आयुष्यभर बघत आलो. मीटर पाईपाच्या मापाचा घ्यायचा नसतो, वाफेच्या मापाचा घ्यायचा. तीन इंची घातलात तर रात्री 7 आणि दिवसा 22 मीटर मिळेल, म्हणजे दोन्हीकडे आरामात. पाईप सहावरून तीन इंचावर आणणाऱ्या रिड्यूसरनंतर मीटरच्या आधी पाईपाच्या 15 व्यास आणि मागे 5 व्यास सरळ पाईप ठेवा, म्हणजे आधी सव्वा मीटर.

धागाकर्ता
दादा, आता डोक्यात प्रकाश पडला. प्रेशर उतरवायच्या आधी वाफेचा आकडा पाण्यापेक्षा रोज पाच-सहा टन कमी यायचा. आम्ही ब्लोडाउनवर बोट ठेवायचो. प्रेशर उतरवलं आणि हिशेब जुळला! शेठने तेव्हा मला शाबासकी दिली होती. दिवसाची चूक रात्रीच्या चुकीने झाकली गेली, बस.

साखर कारखाना, शहादा
व्हॉर्टेक्सची कटकटच नको, ओरिफिस प्लेट लावा, म्हणजे पाईपात मधे भोक असलेली चकती. आमच्याकडे जुन्या काळापासून आहे.

दीपनगर निवृत्त
मोठ्या आणि स्थिर लोडला ओरिफिस उत्तम, मी जन्मभर तीच बघितली. पण तिथे मोजायचा असतो चकतीच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक, आणि तो प्रवाहाच्या वर्गात बदलतो. प्रवाह चौथाईवर आला की फरक सोळाव्या हिश्श्यावर. यांच्या रात्रीच्या लोडला तो फरक मोजणारा ट्रान्समीटर अंदाजच सांगेल. आणि घनतेचा घोळ तिथेही आहेच.

मॅग्नेटिकचं शेठना असं सांगा: तो फॅरडेच्या नियमावर चालतो, आतला द्रव विजेचा वाहक हवा, सर्वसाधारणपणे सेंटिमीटरला 5 मायक्रोसिमेन्स तरी. वाफ वाहक नाही, तेलही नाही. लावलात तर शोभेला छान दिसेल. तेलाला ओव्हल गिअर (तेलाने फिरणाऱ्या दोन अंडाकृती चाकांचा मीटर) लावा, पुढे गाळणी आणि हवा काढणारा डबा विसरू नका. पैसे असतील तर कोरिऑलिस. तो थेट वजन मोजतो, आणि तुमचं तेल विकलं जातं वजनावर. आपल्याकडे जानेवारीत टाकी 20 अंशाला आणि मे महिन्यात 45 ला. तेवढ्यात तेल पावणेदोन टक्के फुगतं, म्हणजे लिटर मोजून टन लिहिणाऱ्याचा 10 टनी टँकरमागे पावणेदोनशे किलोचा वाद पक्का.

आणि मीटरचा डिस्प्ले बॉयलरच्या डोक्यावर उन्हात ठेवू नका. मे महिन्यात काळा पडेल.

धागाकर्ता
चार दिवसांनी लिहितोय. दोन्ही मीटरमध्ये घनता 4.16 भरली. दिवसाची वाफ 19.1 आली. साबणवाल्यांनी पुन्हा बॅरल लावला, दोघांच्या आकड्यांत दोन टक्क्यांच्या आत फरक. रात्र अजून शून्यच. तीन इंची मीटरची ऑर्डर गेली, त्यात तापमान बघून घनता स्वतः बदलणारा घेतलाय. संपृक्त वाफेला तेवढं पुरतं ना?

दीपनगर निवृत्त
पुरतं. संपृक्त वाफेत तापमान कळलं की प्रेशर कळलंच. फक्त मीटरच्या आधी साचलेलं पाणी बाहेर टाकणारा ट्रॅप चालू ठेवा, वाफेबरोबर पाणी आलं की तोही फसतो.

धागाकर्ता
ठीक. आता दोन महिन्यांच्या बिलाचं. जादा घेतलेले पैसे परत द्यायचं शेठनी कबूल केलंय, पण पुढच्या बिलांत वळते करून. साबणवाले दादा म्हणतात ते चालेल, वर भरीत पार्टी तुमच्याकडून. वांगी मी आणतो म्हणालोय.

ठिबकवाला, चोपडा
फायरमनला विसरू नका म्हणजे झालं.