तीन दिवसांच्या बाळाचा एचआयव्ही रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, खरंच लागण झाली का?

बाळाची_मावशी:
धाकट्या बहिणीला परवा मुलगी झाली. तिला चौथ्या महिन्यात एचआयव्ही असल्याचं कळलं तेव्हापासून एआरटीची (विषाणू दाबून ठेवणारी) गोळी रोज चालूये, एकदाही चुकली नाही. पण हॉस्पिटलमध्ये बाळाचीही रॅपिड टेस्ट केली आणि पॉझिटिव्ह लिहिलेला कागद हातात ठेवला, पुढे कोणी काही बोललंच नाही. आता ती पाजायला घाबरतेय, सासूबाईंना यातलं काही माहीत नाही, त्या गुटी चाटवायची म्हणून मागे लागल्यात. प्लीज कोणीतरी सांगा.

समुपदेशक_विदर्भ:
ताई, त्या कागदावरून बाळाला लागण झाली असं ठरत नाही, हे बहिणीला आत्ताच्या आत्ता सांगा. रॅपिड टेस्टला विषाणू नाही, त्याच्याविरुद्ध शरीरानं बनवलेल्या अँटीबॉडी दिसतात, आणि आईच्या अँटीबॉडी वारेतून बाळात उतरतात, १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. बाळाची खरी तपासणी ६ आठवड्यांनी, आयसीटीसीत म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात, मोफत. टाचेला टोचून रक्ताचे थेंब कार्डावरच्या गोलांत घेतो, वाळवतो, लॅबला पाठवतो, तिथे पीसीआरने थेट विषाणूच शोधतात. मग परत ६ महिन्यांनी, १२ महिन्यांनी, आणि १८ महिन्यांनी शेवटचा निकाल. पण मला काळजी वेगळीच वाटतेय, बाळाला लागण होऊ नये म्हणून देतात ते नेव्हिरापिनचं सिरप सुरू केलंय का? ते जन्मल्याबरोबर द्यायचं असतं, निदान ६ आठवडे. नसेल दिलं तर उद्यावर टाकू नका, आजच एआरटी सेंटर गाठा. बहिणीचा व्हायरल लोडचा (रक्तात विषाणू किती आहे त्याचा) रिपोर्टही सोबत न्या, किती औषधं आणि किती दिवस ते त्यावरून ठरवतात.

दोघांची_आई:
मी यातून गेलेय गं. गोळी नियमित असेल तर अंगावर पाजायचं, ६ महिने फक्त आईचंच दूध, गुटी मध पाणी वरचं दूध काहीच नाही. मी घरी सांगितलं होतं की डॉक्टरांनी सगळ्याच बाळांना मनाई केलीये, आणि ते खोटंही नाही. बहिणीचं कारण कोणाला सांगू नका, तिच्या परवानगीशिवाय हॉस्पिटललाही ते दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही, २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे. माझा धाकटा १८ महिन्यांचा झाला तेव्हा निगेटिव्ह कागद घेऊन मी सेंटरच्या पायरीवरच बसून रडले. १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा, फुकट आहे.

बाळाची_मावशी:
सिरप दिलंच नव्हतं!! आत्ता एआरटी सेंटरवरून आलो, पहिला डोस तिथेच पाजला. बहीण बाळाला घेऊन बसलीये, पितेय ती.