मदत हवी आहे: फिट्झरॉयच्या बढत्यांचा ताळमेळ लागत नाही

शिडाची_दोरी:
ब्रिटिश आरमाराच्या 'बीगल' जहाजावरच्या रॉबर्ट फिट्झरॉयच्या (१८०५–१८६५) कारकिर्दीचा तक्ता करते आहे. तीन ठिकाणी अडले आहे.

१८२८ साली तो 'बीगल'चा कॅप्टन झाला असं वाचलं. मग १८३४ मध्ये पुन्हा कॅप्टनपदी बढती कशी? 'पोस्ट कॅप्टन' आणि 'फ्लॅग लेफ्टनंट' यांना मराठीत काय म्हणायचं? आणि १८५० मध्ये आरमारातली प्रत्यक्ष सेवा सोडून १८५४ पासून हवामान विभाग सांभाळणारा माणूस १८५७ ला रिअर ॲडमिरल, १८६३ ला व्हाइस ॲडमिरल कसा होतो? ही पदं मानद होती का?

डोलकाठी:
हुद्दा आणि नेमणूक यांचे दोन वेगळे रकाने करा, अर्धा गुंता तिथेच सुटेल. जहाज ज्याच्या ताब्यात, त्याला सगळे कॅप्टनच म्हणत, मग त्याचा हुद्दा लेफ्टनंटचा का असेना. 'बीगल' मुळात दहा तोफांचं छोटं जहाज, त्यावर पूर्ण कॅप्टन नेमायची गरजच नव्हती. 'बीगल'चा आधीचा प्रमुख प्रिंगल स्टोक्स याने स्वतःवर गोळी झाडून घेतल्यावर २३ वर्षांच्या फिट्झरॉयकडे ते आलं. दुसऱ्या सफरीला (डिसेंबर १८३१) निघाला तेव्हाही त्याचा हुद्दा कमांडरचाच होता. १८३४ ला मिळाला तो खरा कॅप्टनचा हुद्दा, त्यालाच 'पोस्ट' होणं म्हणतात. टपालाशी काही संबंध नाही. सरळ 'पूर्ण कॅप्टन' लिहा. तारीख हुकुमाची धरा, कारण लंडनहून दक्षिण अमेरिकेत बातमी पोचायला महिने जात.

फ्लॅग लेफ्टनंट म्हणजे ॲडमिरलचा खास मदतनीस लेफ्टनंट. 'झेंडा लेफ्टनंट' कृपया नको. फिट्झरॉय रिअर ॲडमिरल ओटवेकडे या जागेवर होता, 'गँजिस' जहाजावर. जाता जाता, हे 'गँजिस' मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेलं, १८२१ सालचं. मराठी लेखात एवढी ओळ शोभेल.

भरती_ओहोटी:
तिसऱ्याचं उत्तर: मानद नव्हे, ज्येष्ठतेने. लेफ्टनंट, कमांडर, कॅप्टन या पायऱ्यांवर परीक्षा, कामगिरी आणि वशिला तिन्ही चालत. (लेफ्टनंटच्या परीक्षेत फिट्झरॉयने १८२४ मध्ये पैकीच्या पैकी गुण मिळवले.) पण एकदा पूर्ण कॅप्टन झालात की पुढचा क्रम गोठला. वरचे मरतील किंवा बाजूला होतील तसतसं नाव वर सरकणार, मागच्याला उडी मारून पुढे जाता येत नाही. म्हणून १८५७ चा धागा थेट १८३४ च्या तारखेला बांधलेला आहे. वर गेलं म्हणून ताफा मिळतो असंही नाही. आणखी एक खाच: भूदलात तेव्हा हुद्दे विकत घेता येत, आरमारात नाही. ही गल्लत फार लेखांत दिसते.

शिडाची_दोरी:
आलं लक्षात. मग १८३६ ते १८४८ जहाजच नाही, तिथे काय लिहू? मध्येच खासदार, मध्येच न्यूझीलंडचा गव्हर्नर.

डोलकाठी:
हुद्दा 'कॅप्टन', आरमारी नेमणूक 'नाही'. जहाज नसलेला अधिकारी अर्ध्या पगारावर असे, त्याला बडतर्फी समजू नका. खासदारकी (१८४१) आणि गव्हर्नरपद (१८४३–४५) मुलकी, त्यांना तिसरा रकाना द्या. १८४९ ला 'ॲरोगंट' ही वाफेवरची फ्रिगेट (युद्धनौकेचा एक प्रकार) ताब्यात आली, ते शेवटचं जहाज.

भरती_ओहोटी:
तारखा पडताळायला त्या त्या वर्षीची 'नेव्ही लिस्ट' (आरमारी अधिकाऱ्यांची छापील यादी) बघा. त्यात कॅप्टनांची नावं ज्येष्ठतेनुसार, हुद्द्याच्या तारखेसह छापलेली असतात. १८६४ पूर्वीच्या ॲडमिरलांपुढे तांबडा, पांढरा, निळा असे आरमाराच्या तीन विभागांचे रंग दिसतील. त्यात निळा सर्वांत खालचा आणि तांबडा वरचा. एकाच हुद्द्यात रंग बदलला तर नवी बढती म्हणून मोजू नका.