अनुभव धागा: क्रॉस-कंपाईल करताना गाडी कुठे अडली?

एका मशीनवर बसून दुसऱ्या आर्किटेक्चरसाठी पॅकेज बांधणाऱ्यांनी इथे लिहावं. कंपायलर मिळणं आता सोपं झालंय, जीव खातात त्या डिपेन्डन्सी, म्हणजे पॅकेजला लागणारी इतर पॅकेजं. नेमका एरर आणि तो कसा सुटला एवढं नक्की लिहा, पुढच्याच्या दोन रात्री वाचतील.

सुरुवात मीच करतो. आर्म६४ बोर्डासाठी बांधत होतो. बिल्डआधी सगळं तपासणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट म्हणाली लायब्ररी आहे, सगळं कंपाईल झालं आणि तुकडे जोडणारा लिंकर अडला: 'स्किपिंग इनकम्पॅटिबल', खाली 'कॅनॉट फाइंड'. मेकला व्ही=१ देऊन पूर्ण कमांड छापली. त्या लांबलचक ओळीच्या मधोमध माझ्याच लॅपटॉपच्या यूएसआर-लोकल-लिबचा पाथ! पाणी तिथे मुरत होतं. लायब्ररी सिसरूटमध्ये (बोर्डाच्या लायब्ररी-हेडर ठेवलेल्या फोल्डरमध्ये) नव्हतीच. लायब्ररी शोधून देणाऱ्या पीकेजी-कॉन्फिग टूलला पीकेजी_कॉन्फिग_पाथ दिला तर शोधायच्या जागांत फक्त भर पडते. तिथे सापडलं नाही की ते गुपचूप मूळ जागी जाऊन माझ्या मशीनची फाइल उचलतं. मूळ जागाच बदलायच्या तर पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर हवं. तेव्हापासून कमतरता असली की कॉन्फिगरमध्येच कळते.

---

माझं दुखणं वेगळं. पॅकेज आधी एक छोटा जनरेटर बांधतं, मग तो चालवून हेडर तयार करतं. मेकफाइलमध्ये दोन्हीला एकच सीसी (कंपायलर), त्यामुळे जनरेटरही आर्मचा झाला, माझ्या मशीनवर चालेना आणि एक्झेक फॉरमॅट एरर आला. सीसी_फॉर_बिल्ड, म्हणजे बिल्ड मशीनचा कंपायलर, वेगळं केलं आणि सुटलं. क्यूईएमयू हा एम्युलेटर लावूनही चाललं असतं, पण मूळ चूक तशीच राहिली असती, म्हणून मी ते टाळलं.

---

'अनडिफाइन्ड रेफरन्स टू आरपीएल_मॅलॉक' कोणाला आलाय का? मी दिवसभर सोर्समध्ये शोधत होते. सोर्समध्ये ते नव्हतंच! मॅलॉक हे मेमरी मागायचं फंक्शन; मॅलॉक(०) काय परत देतो हे कॉन्फिगरला प्रोग्राम चालवून बघायचं असतं. क्रॉसमध्ये चालवता येत नाही, म्हणून जुन्या ऑटोकॉन्फने बनवलेली कॉन्फिगर स्क्रिप्ट 'नाही' धरून चालते आणि मॅलॉकचं नाव बदलून टाकते. कॉन्फिगरला एसी_सीव्ही_फंक_मॅलॉक_०_नॉननल=यस हे उत्तर आधीच दिलं की झालं. मात्र बोर्डावर तपासून मगच द्या. उत्तर चुकीचं दिलं तर बिल्ड बिनबोभाट होईल आणि प्रोग्राम भलत्याच वेळी कोसळेल.

---

डेबियनवाल्यांसाठी: बिल्ड-डिपेन्ड्स (बिल्डला लागणाऱ्या पॅकेजची यादी) नीट वाचा. आमच्या पॅकेजला पायथन फक्त बिल्डच्या वेळी स्क्रिप्ट चालवायला लागायचा, पण नुसतं पायथन३ लिहिल्यामुळे आर्म६४ चा पायथन मागितला जात होता. पुढे ':एनी' (कुठल्याही आर्किटेक्चरचा चालेल) लावलं, डिपेन्डन्सी सुटल्या. तीन अक्षरं! प्रत्येक डिपेन्डन्सीला मी आता एकच विचारतो: तू बिल्ड मशीनवर चालणार, की बोर्डावरच्या बायनरीला जोडली जाणार?

---

बायनरी व्यवस्थित बांधली, बोर्डावर 'जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड'. जीलिबसी म्हणजे सगळे प्रोग्राम वापरतात ती मूळ सी लायब्ररी; माझ्या टूलचेनची (कंपायलर-लिंकरच्या संचाची) नवी, बोर्डावरची जुनी. बोर्डाच्याच इमेजमधून सिसरूट काढून परत बांधलं.

वर जनरेटरबद्दल लिहिलंय त्यांना विचारायचं होतं: सीसी_फॉर_बिल्डचा पॅच मूळ प्रकल्पाला पाठवलात का? मलाही नेमका तसाच एक पाठवायचाय.