तुम्हाला जमावासा वाटणारा पदार्थ कोणता? माझा: बेळगावचे मांडे

शहापूरकरीण

नमस्कार मंडळी. मी बेळगावात शहापूरला राहते, माहेर निपाणीकडचं. रोजची भाकरी, शेंगाची चटणी, भरली वांगी, सणाच्या पुरणपोळ्या माझ्या हातच्या घरात आवडीनं खातात. पण मांडे मला येत नाहीत, आणि ते यावेत असं फार फार वाटतं.

पुरण भरून खापरावर भाजतात ते खानदेशी मांडे मी म्हणत नाही. आपल्याकडचे. आत पिठीसाखर, खवा, खसखस, वेलदोडा; पालथ्या कढईवर भाजायचे आणि गरम आहेत तोवर चौकोनी घडी घालायची.

तुळशीच्या लग्नानंतर आमच्या थोरल्या मुलीचं लग्न आहे. रुखवतात मांडे हवेतच. घरचे म्हणतात, ऑर्डर दे आणि मोकळी हो. मोठे मांडे करणाऱ्या बायका आहेत, त्यांच्या हाताला तोड नाही आणि ऑर्डर त्यांनाच देणार आहे. तरी त्या ताटात दोन-चार माझ्या हातचे असावेत. मुलगी सासरी जाताना सोबत दिलेलं गोडधोड सगळंच पैसे मोजून आणलेलं, हे मला नको वाटतंय.

अडचण सांगते. मैदा आणि चिरोटी रवा निम्मा-निम्मा, चिमूटभर मीठ, थोडं तूप घालून कणिक मळते, दोन तास झाकून ठेवते. सारण भरून ताटलीएवढं लाटेपर्यंत सगळं नीट होतं. हातावर घेऊन ताणायला गेलं की मध्ये पातळ होऊन फाटतं आणि कडा जाडच राहतात. जे न फाटता कढईवर जातात, त्यांचं मधे लाल होतं आणि कडेला कच्चं राहतं. गॅसवर करते, घरात चूल नाही.

कुणाला माहीत असेल तर सविस्तर सांगा. आणि तुम्हीही लिहा, असा कोणता पदार्थ आहे जो तुम्ही नेहमी विकत आणता किंवा दुसऱ्यानं करून द्यायची वाट बघता, आणि स्वतःच्या हातानं यावा असं वाटतं?

जांबोटी घाट

अक्का, आमची थोरली आई लग्नघरी मांडे करायला जायची. मी तिच्याजवळ घडी घालायला बसायचे, त्यामुळं बघून बघून जे कळलं ते लिहिते.

आधी कणिक. तुमचं प्रमाण ठीक आहे, पण नुसतं मळून भागत नाही. घट्ट मळा, अर्धा तास ठेवा, मग पाण्याचा आणि तुपाचा हात लावत लावत तिंबा. परातीत आपटा, ओढा, गोळा करा, परत आपटा. पुरणपोळीच्या कणकेपेक्षाही सैल झाली पाहिजे, आणि तरी ओढल्यावर तुटता कामा नये. त्यानंतरचे दोन तास खरे. मैद्या-रव्यातला चिकटपणा मळताना ताठरतो, ठेवल्यावर ढिला पडतो. न ठेवता ताणलं तर तो मागं ओढतो आणि फाटतो. परीक्षा सोपी आहे. लिंबाएवढा गोळा बोटांवर ताणा. पलीकडची बोटं दिसली तर कणिक तयार. नाही दिसली तर अजून तिंबायला हवी.

आता मध्ये का फाटतं ते. याची दोन कारणं असतात आणि बहुतेक वेळा दोन्ही एकदमच असतात. एक म्हणजे सारण. खव्याची एक गुठळी किंवा साखरेचा एक जाड कण राहिला तरी ताणताना तिथंच चीर जाते. खवा मंद आचेवर कोरडा होईपर्यंत भाजायचा, पूर्ण गार करायचा, मग पिठीसाखरेत मिसळून दोन्ही एकत्र मैद्याच्या चाळणीनं चाळायचं. खवा कोमट असताना साखर घातली तर ती ओली होते आणि पापुद्र्याला भोक पाडते. खसखस भाजून वाटूनच घाला, अख्खी नको. आणि सारण कमी. पुरणपोळीत जेवढं भरता त्याच्या निम्मंसुद्धा नको.

दुसरं लाटणं. आपला हात पोळीचा, सगळीकडं सारखं लाटायची सवय असते. मांड्याला मध्ये जाड ठेवायचं आणि कडा आधी पातळ करायच्या. हातावर घेतलं की त्याचं स्वतःचंच वजन मधला भाग खाली ओढतं, त्यामुळं मधलं आपोआप पातळ होतं. कडेला मात्र कुणी ओढत नाही, तिथलं काम लाटण्यानंच करून घ्यावं लागतंय. बांगड्या, अंगठ्या काढून ठेवा. पालथ्या मुठींना आणि मनगटापर्यंत तूप लावा, मांडा मुठींवर घ्या आणि हळूहळू फिरवत हात एकमेकांपासून लांब न्या. बोटांची टोकं कुठंही लागू देऊ नका, नखानं जातो.

भाजण्याचं म्हणाल तर लग्नघरच्या चुलीवर पालथी कढई पसरट असायची आणि खाली निखारे सगळीकडं सारखे ओढलेले. गॅसची आच मध्येच लागते, मोठा मांडा तिथं कडेला भाजणारच नाही. त्यात हात कमी पडला असं नाही. तुम्ही लहान करा. जाड लोखंडी कढई घ्या, ॲल्युमिनियमची किंवा नॉनस्टिक नको. बर्नरवर कढईची रिंग ठेवून तिच्यावर पालथी घाला, खालून हवा जायला जागा राहिली पाहिजे, नाहीतर ज्योत कोंडते. खिडकी उघडी ठेवायची, हे विसरू नका. मंद आचेवर दहा मिनिटं तापू द्या. पाण्याचा शिपका मारल्यावर लगेच चुरचुरून उडाला की मांडा टाका आणि कडा धरून फिरवत राहा, जिकडं कच्चं दिसेल ती बाजू कढईच्या माथ्यावर आणा. उलटायचा नाही.

एकटीनं करू नका. एकीनं ताणून टाकायचा, दुसरीनं उतरवून घडी घालायची. उतरवल्यावर आतली साखर विरघळलेली असते तोवरच तो मऊ असतो. ती थंड होऊन घट्ट झाली की मांडा कडक होतो, मग घडी मोडते. मुलीलाच बसवा घडी घालायला. माझं शिक्षण तिथूनच सुरू झालं.

पुण्यातला बेळगावकर

मला कुंदा यायला हवा. नोकरीमुळं पुण्यात आहे, घरून कुणी आलं की खोका येतो आणि दोन दिवसांत संपतो. इथल्या मित्रांना मी स्वतः करून घालावा अशी फार इच्छा आहे.

1 लिटर फुल क्रीम दुधात सुरुवातीलाच 2 चमचे दही घालतो, आटवतो, शेवटी 150 ग्रॅम साखर. चव बरी येते, पण पनीरच्या मोठ्या गोळ्या होतात आणि रंग पांढुरकाच राहतो. तो तपकिरी रंग आणि बारीक रवाळपणा कसा आणायचा?

शहापूरकरीण

जांबोटी ताई, तुमचं उत्तर वहीत लिहून घेतलंय. उद्याच चाळणी काढते. कडेचं काम लाटण्यानं करायचं, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

दादा, कुंदा मात्र मला येतो, म्हणून सांगते. दही सुरुवातीला नको. दूध आधी निम्मं आटू दे. मग आच कमी करून दही एक-एक चमचा, ढवळत ढवळत. दूध पातळ असताना दही पडलं तर मोठ्या गोळ्या होतात, दाट असताना पडलं तर बारीक रवा पडतो. दही थोडं आंबट घे, कालचं.

रंगासाठी साखरेचे दोन भाग कर. पाव हिस्सा साखर वेगळ्या जाड भांड्यात कोरडीच वितळव, मधाचा रंग आला की लगेच दोन पळ्या गरम दूध त्यात ओत. जोरात उसळतं, लांब उभा राहा. ते मिश्रण आटलेल्या दुधात घाल, मग उरलेली साखर. साखर पडल्यावर सगळं पुन्हा पातळ होतं, घाबरू नकोस, तिथूनच खरा कुंदा सुरू होतो. दूध आणि साखर एकत्र भाजली जाते तेव्हाच तो खमंगपणा येतो, म्हणून पुढची वीस-पंचवीस मिनिटं उलथनं थांबवायचं नाही. तळ खरवडत राहा. वेलदोड्याची पूड घालून थोडा सैल असतानाच उतरव, गार झाल्यावर आवळतो. कडक होईपर्यंत ठेवलास तर बर्फी होईल. ती वाईट नसते, पण कुंदा नव्हे.

गोकाककडचा

करदंट. आमच्या गोकाकचं, आणि आम्हालाच घरी येत नाही. खारीक, खोबरं, काजू, बदाम, सगळं चांगलं आणतो. आई बाळंतिणीला करायची, तिच्यासारखं व्हावं असं वाटतं. डिंक तळल्यावर मध्ये खडा राहतो आणि दाताखाली येतो. वडी पण पसरते.

जांबोटी घाट

गोकाककडचे दादा, डिंक ओलसर असला की असंच होतं. कडक उन्हात दोन दिवस वाळवा, मोठे खडे फोडून हरभऱ्याएवढे करा, आणि मध्यम तापलेल्या तुपात एका वेळी मूठभरच टाका. फार तापलेल्या तुपात वरून फुलतो आणि आत तसाच राहतो. वडी पसरते ती पाकामुळं. गुळाच्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळा करून बघा. गोळी घट्ट झाली पाहिजे, मऊ असेल तर अजून एक-दोन मिनिटं. गूळ चिकीचा असला तर वडी चांगली धरते.

अथणीची सून

मी मूळची सावंतवाडीची. तांदळाची भाकरी डोळे झाकून करते, पण इथली ज्वारीची कडक भाकरी, पातळ, ताटातून वर आलेली, आठवडे टिकणारी, ती अजून होत नाही. थापताना कडेला चिरते. सासूबाईंच्या भाकऱ्या बघत बसावंसं वाटतं.

शहापूरकरीण

अथणीच्या वहिनी, पीठ जुनं असेल तर विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते आणि मग काही केलं तरी चिरणारच. आठवड्याचंच दळून आणा. पाणी खळखळतं घाला, आणि एका वेळी एकाच भाकरीपुरतं पीठ तळहातानं रगडून मळा. बाकी हात बसेल.

आता माझं. कणिक परातीत आपटून तिंबली, सारण चाळलं. मध्ये फाटायचं थांबलं! मुलीला घडी घालायला बसवलं. लहान कढईवर, पुरीपेक्षा मोठे आणि ताटापेक्षा लहान असे मांडे कडेपर्यंत भाजले गेले. घड्या अजून वाकड्या येतात, पण ती म्हणते, मी लग्नाआधी शिकणारच.

एकच विचारायचं राहिलं. हे लग्नाच्या किती दिवस आधी करून ठेवता येतील? तेव्हा थंडी असेल, पण हळदीच्या दिवशी घरात चुली, वाफ, माणसं, सगळंच असणार.

जांबोटी घाट

आठ दिवस आधी करा, निर्धास्त. मात्र पूर्ण गार झाल्याशिवाय एकावर एक रचू नका, वाफ धरली तर खालचे मऊ पडतात. पत्र्याचा डबा उन्हात तापवून घ्या, तळाला कोरडा कागद घाला, झाकण घट्ट लावा आणि डबा स्वयंपाकघरात ठेवू नका, आतल्या खोलीत ठेवा. खवा नीट कोरडा भाजलेला असेल तरच हे आठ दिवस. थोडा जरी ओला वाटला तर चार दिवस आधी करा.