मदत हवी आहे: मेथॅनॉलवर इंजिन अर्ध्या ट्रॅकनंतर ओढत नाही, ऑइलही पांढरट

इथे अमेरिकेत पाव मैलाच्या ब्रॅकेट रेसिंगची (आपली वेळ आधी जाहीर करून पळायची शर्यत) गाडी आहे. शेव्हरोले स्मॉल ब्लॉक 355 घनइंची इंजिन, कॉम्प्रेशन 13.5:1, साधारण 500 हॉर्सपॉवर. पेट्रोलवरून मेथॅनॉलवर आणताना अल्कोहोल कार्ब्युरेटर बसवला. इलेक्ट्रिक पंप, 3/8 इंची लाइन आणि कागदी फिल्टर जुनेच ठेवले. गाडी सुटते जोरात, पण अर्ध्या ट्रॅकनंतर कार्ब्युरेटरमधून फटफट होते आणि ओढ जाते. वाइडबँड मीटर (एक्झॉस्टवरून हवा-इंधनाचं प्रमाण पेट्रोलच्या आकड्यांत दाखवणारा) 11.6 वरून 13.6 वर चढतो. पाणी कमी होत नाही, तरी ऑइल दुधाळ झालंय. मोठे जेट (कार्ब्युरेटरमधली इंधन मोजून सोडणारी भोकं) टाकू का? हेड गॅस्केट (पाणी ऑइलमध्ये जाऊ न देणारं सील) गेलं असेल का?

प्रतिसाद 1

जेटला हात लावू नका, आणि दुरुस्ती होईपर्यंत पूर्ण रन तर मारूच नका. 13.6 भागिले 14.7 (पेट्रोल पूर्ण जळायचं प्रमाण) म्हणजे लॅम्डा 0.93, मेथॅनॉलला भर लोडवर हे फार लीन, म्हणजे इंधन कमी. मीटर 11 ते 11.8 मध्येच राहायला हवा. मेथॅनॉल सहजी नॉक करत नाही (इंधन भडकून ठोके येत नाहीत), त्यामुळे आधी काही ऐकू येत नाही. प्रीइग्निशन होतं, म्हणजे ठिणगीच्या आधीच इंधन पेटतं, आणि पिस्टन वितळतो.

सुरुवातीला 11.6 आहे, म्हणजे जेट ठीक आहेत. पुढे बाऊल (कार्ब्युरेटरमधल्या इंधनाच्या वाट्या) रिकामे होतायत. 500 हॉर्सपॉवरला मेथॅनॉल मिनिटाला सव्वापाच लिटरच्या आसपास लागतं, पेट्रोलच्या दुप्पट. कार्ब्युरेटरकडची नळी सोडा, रेग्युलेटर तसाच ठेवा, इग्निशन बंद करून पंप एक मिनिट धातूच्या डब्यात चालवा. सात लिटर तरी यायला हवं, कारण सुटताना इंधन मागच्या टाकीकडे रेटलं जातं. कमी आलं तर आधी फिल्टर बदला: मेथॅनॉलमध्ये कागद फुगतो, स्टीलची जाळीच हवी. मग लाइन 1/2 इंची करा आणि पंप चालू असताना त्याच्या टर्मिनलवरच व्होल्टेज मोजा. नीडल-सीटही (बाऊलमध्ये इंधन सोडणारी झडप) तपासा, पेट्रोलची 0.110 इंची राहिली असेल तर 0.150 ची लागेल.

प्रतिसाद 2

ऑइलबद्दल: कूलिंग सिस्टिमवर 15 पीएसआय दाब देऊन पंधरा मिनिटं पाहा. काटा हलला नाही तर गॅस्केटवरचा संशय बराच कमी होतो. थंड इंजिनात न जळलेलं मेथॅनॉल पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, त्यात दमट हवेतलं पाणी मिसळतं. मेथॅनॉल 65 अंश सेल्सियसला उकळतं, म्हणून ऑइल 80 च्या पुढे गेल्याशिवाय रन नको. आयडल (गाडी उभी असतानाचं मिश्रण) जरा लीन करा आणि आत्ताचं ऑइल फेकाच.

दिवस संपला की टाकी आणि बाऊल रिकामे करून इंजिन थोडं पेट्रोलवर चालवा, नाहीतर बाऊलमध्ये पांढरी भुकटी धरते आणि नेमकी जेटमध्ये अडकते. ड्रम घट्ट बंद ठेवा. हायड्रोमीटरवर (घनता मोजायचं साधन) 20 अंशांना 0.792 पेक्षा जास्त आलं तर त्यात पाणी शिरलंय.

आणि वरची डब्याची चाचणी हातमोजे-चष्मा घालून, उघड्यावर करा. मेथॅनॉलची ज्वाळा उन्हात दिसत नाही. शेजारी पाण्याच्या दोन बादल्या असू द्या.