प्रति: बटाटे सडले तर दुसरं काही का खाल्लं नाही?

वर विचारलंय की आयरिश दुष्काळावरच्या कादंबऱ्यांत माणसं ओट्स पिकवतात आणि तरी उपाशी मरतात, हे पटत नाही. पण तसंच होतं. ओट्स आणि डुक्कर जमीनदाराच्या खंडासाठी. घरात खायला फक्त लंपर जातीचे बटाटे, कष्टकरी गड्याला दिवसाला पाच-सहा किलो. खंड थकला की घराबाहेर.

वाचताना प्रकरणाचं साल बघत चला. १८४५ला करपा रोगाने (पानं काळी पडतात, बटाटे सडतात) पीक अर्धवट गेलं, १८४६ला जवळपास सगळं. १८४७ला रोग कमी होता, पण बियाणंच खाऊन संपल्यामुळे लागवड नगण्य. त्या वर्षी शेतभर काळी पानं दाखवणाऱ्या लेखकाने गृहपाठ केलेला नाही, खुशाल समजा.

सरकारने अमेरिकेतून मका आणला, तोही दगडासारखा. दोनदा दळावा लागे, गिरण्या अपुऱ्या; अर्धकच्चा खाऊन लोकांची पोटं बिघडली. वर १८४७चं ग्रेगरी कलम: पाव एकराहून, म्हणजे आपल्या दहा गुंठ्यांहून जास्त जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत बंद. कादंबरीतला बाप जमीन सोडायला का तयार होत नाही, ते इथे कळतं. सोडली तर पुढच्या साली पेरायचं कुठे?